नदीकाठची वहिवाट



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला ‘नृत्य आणि निसर्ग’ असा विषय सुचविला, तेव्हा त्याचा विस्तार आणि माझा वकूब या दोहोंचा विचार करून मी तो नदीपुरता आखडून घेण्याची परवानगी मागितली, आणि ती त्यांनी उदारपणे दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आपल्या भूमीचा निसर्ग म्हणजे मुख्यतः नद्यांचाच पसारा असल्यामुळे या आखडण्याने विषयाचे फारसे नुकसान होईल असे मला वाटत नाही.

नदी आणि नृत्य यांची सांगड घालणे आपल्या कवींना नेहमीच सोपे गेले आहे. डोंगरावरून उड्या घेत, मुरडत, लचकत येणारी नदी म्हणजे नर्तकी, हे रूपक वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहे की त्यातून आता धड नदीही दिसत नाही आणि नर्तकीही दिसत नाही. नदी नाचते किंवा नाही याचा निवाडा कवींनी खुशाल करावा; परंतु माणूस मात्र नदीकाठी शतकानुशतके नाचत आला आहे, आणि त्याने पायांना चाळवण्यासाठी नेमका काठच का पसंत केला, हा प्रश्न त्या रूपकाच्या झुलीखाली झाकला गेला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: जमीनजुमल्याच्या कज्ज्यांत ज्याला आपण वहिवाट म्हणतो, म्हणजे हाती सनद नसली, दफ्तरी नोंद नसली, तरी पिढ्यान्‌पिढ्या पाय पडत राहिल्यामुळे जो हक्क आपोआप सिद्ध होतो, त्या जातीचा संबंध नर्तनाच्या द्वारे माणसाने नदीशी राखला आहे, आणि वहिवाटीची जी एक कडक अट असते, की ती खंडित होता कामा नये, ती अट या संबंधालाही लागू आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. अभिनयदर्पणात पताक नावाचा हस्त सांगितला आहे; चारही बोटे सरळ, एकमेकांस चिकटलेली, आणि अंगठा किंचित दुमडलेला, एवढाच त्याचा आकार. नृत्याच्या वर्गात पहिल्या दिवशी मुलीला जो हात शिकवितात तो हाच. या एका हाताचे जे विनियोग ग्रंथकाराने दिले आहेत त्यांत मेघ आहे, वन आहे, रात्र आहे आणि नदीही आहे. वरवर पाहता हे दारिद्र्य वाटेल, की एवढ्या समृद्ध शास्त्राला नदीसाठी स्वतंत्र हात सुचू नये! परंतु उत्तम नर्तकी जवळून पाहिली म्हणजे ध्यानात येते की नदी त्या हातात नसतेच. तळवा जमिनीकडे वळतो, मनगट सैल होते, कोपर त्याच्या मागून किंचित उशिरा निघतो, दृष्टी बोटांच्या पुढे चार हात जाऊन थांबते आणि शरीराचा भार एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर, धक्का न बसता, सरकतो. तेव्हा नदी होते. तोच हात डोक्यावर नेऊन स्थिर धरला की मेघ झाला. आकार एकच, गती वेगळी. निसर्गाचे चित्र काढण्यापेक्षा त्याची चाल पकडावी, ही जी आपल्या शास्त्रकारांची दृष्टी, ती मला कोणत्याही नदीवर्णनापेक्षा अधिक खोल वाटते.

नाट्यशास्त्रात एकशे आठ करणे, म्हणजे हातापायांच्या मेळातून होणाऱ्या नृत्यगती, सांगितली आहेत, आणि त्यांतील अखेरचे, एकशे आठवे, गंगावतरण हे आहे. पायाचा तळवा आणि बोटे वर, दोन्ही हात त्रिपताक करून अधोमुख, आणि मस्तक नमविलेले, असे त्याचे वर्णन आहे. जी वस्तू वरून खाली येते तिचा अभिनय पाय वर नेऊन करावयाचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याने डोंगरकडा नुसता पाहिला नसेल, त्याच्या पायथ्याशी मान वर करून तो पुष्कळ वेळ उभा राहिला असेल. चिदंबरमच्या गोपुरांत ही करणे नाट्यशास्त्रातील श्लोकांसह कोरलेली आहेत. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात मात्र, जे राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केले, गर्भगृहाभोवतीच्या वरच्या मजल्यावर एक्याऐंशी करणांपर्यंत येऊन टाकी थांबली आहे. पुढचे सत्तावीस दगड कोरेच आहेत, आणि करणे ग्रंथातल्या क्रमाने कोरली असल्यामुळे त्या कोऱ्या दगडांतला अगदी शेवटचा दगड गंगावतरणाच्या वाट्याचा आहे. कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या नगरीत, तिच्या सर्वांत मोठ्या देवळात, नदीचे करण दगडात उतरावयाचे राहून गेले. त्यामुळे तेथे ते करण अंगांगांतूनच पुढे चालत राहणे भाग पडले, आणि आमच्या काळात पद्मा सुब्रह्मण्यम यांच्यासारख्या विदुषींनी शिल्प, संहिता आणि शरीर यांचा मेळ घालून करणांचा पुन्हा शोध घेतला.

तंजावरचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसाला आपल्या माणसांची आठवण होणे साहजिक आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली; त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी मराठीत नाटके लिहिली; आणि दुसरे सरफोजीराजे, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२, यांनी तर नृत्यासाठी मराठीत जे प्रबंध रचले त्यांची बरोबरी करील असे काही त्या काळच्या महाराष्ट्रात मला सापडत नाही. ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या दफ्तरी थाटाच्या नावाखाली त्यांची निरूपणे जतन झाली. प्रत्येक निरूपण अठरा अंगांचे, आणि आरंभापासून मंगलापर्यंत एकाच रागात व एकाच तालात बांधलेले. मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी आयुष्याची कित्येक वर्षे खर्चून ती रंगभूमीवर पुन्हा उभी केली आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रसिकांसमोर नाचून दाखविली. पुढे सुचेताबाईंनीच भरतनाट्यमला हिंदुस्थानी रागसंगीताची जोड देऊन जो उपक्रम केला त्याला ‘नृत्यगंगा’ हे नाव दिले. दोन परंपरांच्या संगमाला नदीचेच नाव सुचावे, यात नवल नाही.

परंतु सरफोजीराजांची जी कृती आजच्या विषयाला थेट भिडते ती ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तामिळ देशातला नृत्यनाट्याचा प्रकार. डोंगरात राहणारी कुरव जातीची भविष्य सांगणारी स्त्री रंगभूमीवर येते, आपला डोंगर, आपले धबधबे, आपला मुलूख यांचे वर्णन नाचून करते आणि मग नायिकेचा हात पाहते. सरफोजीराजांनी हा साचा घेतला आणि कुरवंजीच्या तोंडी, मराठीत, एका डोंगराऐवजी सबंध पृथ्वीचा भूगोल घातला! पाद्री श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली शिकलेल्या, पाश्चात्य विद्येचे ग्रंथ आणि नकाशे हौसेने जमविणाऱ्या या राजाला भूगोल शिकविण्यासाठी शाळेचा फळा न आठवता नर्तकीचे पाय आठवले. आणि काळ पाहा. १७९९ च्या तहाने तंजावर प्रांताचा कारभार कंपनी सरकारकडे गेला होता. राजांच्या हाती किल्ला, नेमणूक आणि सरस्वती महाल हे ग्रंथालय एवढेच उरले होते. कावेरीचे पाट, बंधारे, त्यांवरचा महसूल ज्याच्या दफ्तरातून निघून गेला, त्या राजाने जगाच्या भूगोलाची वहिवाट नृत्यात चालू ठेविली. या कृतीत काव्यगुण थोडा आणि माहिती फार, असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. पण तिच्या मुळाशी असलेली समजूत, की भूमी नाचूनही सांगता येते, ती मला अस्सल वाटते.

हे झाले राजांचे आणि शास्त्राचे. आता ज्या नर्तनाला कोणी नर्तन म्हणत नाही, आणि नाचणारेही स्वतःला नर्तक म्हणवून घेणार नाहीत, त्याकडे येतो. माझ्या मते आजच्या विषयाचा खरा गाभा तेथे आहे.

पंढरीची वारी एका नदीवरून निघते आणि दुसऱ्या नदीवर पोचते. आळंदी आणि देहू ही दोन्ही गावे इंद्रायणीच्या काठची. पंढरपूर भीमेच्या त्या वळणावरचे, जेथे तिचा आकार चंद्रकोरीसारखा होऊन तिला चंद्रभागा म्हणतात. मध्ये नीरा लागते, तेथे माउलींच्या पादुका पालखीतून काढून त्यांना नीरास्नान घातले जाते, आणि मगच पालखी पुणे जिल्ह्याची हद्द ओलांडून साताऱ्याच्या हद्दीत शिरते. सरकारी सरहद्द आणि नदी या ठिकाणी एकच आहे. पण सरहद्द ओलांडावयास परवाना लागत नाही आणि नदी मात्र स्नान घडल्याखेरीज ओलांडावयाची नाही, हा भेद विचार करण्याजोगा आहे.

या वाटेवर दिंडीतले टाळकरी जी पावली खेळतात ती एकदा बाजूला उभे राहून नीट पाहावी. समोरासमोर दोन रांगा, मधे विणेकरी आणि मृदंग. उजवे पाऊल पुढे पडते, डावे त्याच्याजवळ येते, कमरेतून अंग किंचित वाकते, टाळ गुडघ्यापाशी वाजतात, लगेच डोक्यावर जातात, आणि पाऊल मागे येते. पुढे जाऊन मागे यावयाचे, आणि तरीही दिंडी पुढेच सरकत असते, कारण मागे येणारे पाऊल पुढे गेलेल्या पावलाहून थोडे आखूड असते. साठी उलटलेला शेतकरी, ज्याला घरी जिना चढताना धाप लागते, तो या चालीत प्रहर प्रहर नाचतो. याचे कारण भक्ती हे आहेच. पण त्या पावलाची अर्थव्यवस्था हेही आहे. त्यात भार कोठेही आपटला जात नाही, तो वाहून नेला जातो.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेस आली, ती नृत्याच्या जाणकारांपुढे नम्रपणे ठेवतो. देवळातल्या नर्तकीच्या पायात घुंगरू असत, कारण तिच्या पायाखाली घडीव दगडाची फरशी असे. पाय आपटला की फरशी उत्तर देई, आणि तिचा ताल पायात नांदू शके. वारकऱ्याच्या नाचण्याचे मूळ ठिकाण चंद्रभागेचे वाळवंट. नामदेवरायांनी कीर्तनात नाचण्याचा पायंडा पाडला तो तेथला. वाळूत पाय आपटून आवाज होत नाही. वाळू आवाज गिळते आणि टाच आत ओढून घेते. तेव्हा तेथे ताल पायांतून निघून हातांत गेला, टाळांत गेला, आणि पावलाने आवाज करण्याचा नाद सोडून तळवा सपाट टेकणे व अलगद उचलणे एवढेच आपले काम मानले. नदीने माणसाला नाच शिकविला असे म्हणावयाचे झाल्यास ते मी या अर्थाने म्हणेन: तिने आपल्या वाळूने त्याचे पाऊल घडविले.

आता वहिवाटीचा मुद्दा. भीमेवर उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले. तेव्हापासून पंढरपुरास नदीला पाणी असणे हे पावसाइतकेच पाटबंधारे खात्याच्या हुकमावर अवलंबून राहिले. धरणाचे पाणी वाटण्याचे जे हिशोब असतात त्यांत शेती येते, कारखाने येतात, शहरांचे नळ येतात. नदीने नदी म्हणून वाहावे यासाठी त्या हिशोबात सहसा कोणी अर्जदार नसतो. असे असूनही आषाढीच्या स्नानासाठी उजनीतून भीमेत पाणी सोडण्याची मागणी होते, आणि सोडलेही जाते. हे पाणी कोणत्या सनदेने मिळते? लाखो पायांच्या वहिवाटीने! आळंदीहून अडीचशे किलोमीटर चालत, नाचत आलेला माणूस काठावर येऊन उभा राहणार आहे, आणि त्याला कोरडे पात्र दाखविण्याची कोणत्याही सरकारची छाती नाही. नर्तनाने नदीला पाणी मिळवून दिल्याचे याहून रोकडे उदाहरण मला ठाऊक नाही.

कोणी आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे, की हेच लाखो पाय नदी नासवितातही. वाळवंटातल्या घाणीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला; यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी नदीपलीकडे ६५ एकरांचे मैदान राखावे लागले; २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘नमामि चंद्रभागा’ नावाची योजना जाहीर केली. इकडे आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून दिसतात. तो फेस वारकऱ्यांचा नव्हे, वरच्या अंगाच्या कारखान्यांचा आणि शहरी सांडपाण्याचा आहे. तरीही वहिवाटदाराची जबाबदारी टळत नाही. ज्याचा रस्त्यावर हक्क, त्याने रस्त्याचा बांध सांभाळावा, हा गावगाड्याचा जुना दस्तूर आहे. फेसाळ पाण्यात डोळे मिटून बुडी मारणाऱ्या भाविकाच्या श्रद्धेपुढे मी नतमस्तक आहे. परंतु काठावर बसून, हे पाणी स्वच्छ झाल्याशिवाय पालखी हलणार नाही असे म्हणणारी एखादी दिंडी निघाली, तर तिच्यापुढे मी अधिक वाकेन.

गोव्याची देखणी आणि कोकणचा कोळीनाच यांच्याविषयी विस्ताराने बोलावयास वेळ नाही. देखणी नाचाचा जो सर्वांत गाजलेला प्रसंग आहे त्यात दामूच्या लग्नाला निघालेल्या कलावंतिणी नावाड्याला पैलतीरी नेण्याची विनवणी करतात, अंगावरचे दागिने देऊ करतात, आणि घुमट वाद्याच्या ठेक्यावर सगळा नाच त्या न ओलांडलेल्या नदीच्या अलीकडेच घडतो. मांडवी-जुवारीच्या मुलखात, जेथे प्रत्येक सोयरीक तरीवर अवलंबून होती, हा विषय हौसेचा नव्हता, व्यवहाराचा होता. कोळीनाचाचे मात्र आमच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांनी जे केले आहे ते पाहवत नाही. वल्हे पाण्यात बुडते तेव्हा अंग जड होते, खांदे भरून येतात, आणि वल्हे बाहेर निघाले की अंग क्षणभर मोकळे होते. खऱ्या वल्हवण्यात ही जड-हलक्याची फेड असते, आणि गाण्याचा जोर नेमका जडाच्या क्षणी पडतो. स्नेहसंमेलनातली मुले दोन्ही वेळा सारखीच हलकी असतात. त्यांच्या वल्ह्याखाली पाणी नाही हे पहिल्या रांगेतल्या पालकालाही दिसते, पण वेशभूषा फार सुंदर असल्यामुळे कोणी बोलत नाही.

वहिवाट तुटली म्हणजे काय होते, याचे उत्तर नर्मदेने दिले आहे. नर्मदेची परिक्रमा ही जगातल्या अजब गतींपैकी एक आहे: नदी सदैव उजव्या हाताला ठेवून, मधे कोठेही तिला न ओलांडता, उगमापासून मुखापर्यंत आणि दुसऱ्या तीराने परत चालावयाचे. महाराष्ट्राच्या वाट्याला या नदीचा अगदी थोडा काठ आहे, तो नंदुरबार जिल्ह्यातला. आणि सातपुड्याच्या त्या रांगांत होळीला भिल्ल व पावरा तरुण आधी काही दिवस कडक नेम पाळून, अंगावर नक्षी रेखून, कमरेला सुक्या भोपळ्यांची आणि घुंगरांची माळ बांधून, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवून, ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात. काठीची होळी त्यांत विशेष प्रसिद्ध. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्राची ३३ गावे आली, त्यांत मणिबेली धरणाच्या अगदी तोंडाशी असल्यामुळे पहिली. २०१९ मध्ये सरोवर काठोकाठ भरले. काठाची जी वाट पाऊल ओळखत होते ती पाण्याखाली गेली. परिक्रमावासी आता वरच्या डोंगरांतून आणि सडकांवरून जातात, आणि कित्येक ठिकाणी नदी उजव्या हाताला आहे हे त्यांना विश्वासानेच मानावे लागते. पुनर्वसनाच्या कागदांत घर, झाड, शेत यांची मोजदाद झाली. ज्या अंगणात ढोल वाजत असे आणि ज्या उतारावरून पाण्याकडे जात असत, त्यांना कोणता रकाना द्यावयाचा हे कोणत्याही कारकुनाला शिकविलेले नव्हते. धरण व्हावे की न व्हावे हा वाद मी येथे उकरून काढीत नाही. ज्या गोष्टीला दफ्तरात रकाना नसतो तिची भरपाई होत नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे. होळीचा नाच जिवंत आहे, आणि तो पाहावयास शहरांतून मोटारी भरून माणसे जातात. पण तळोद्या-अक्कलकुव्याच्या सपाटीवरच्या नव्या वसाहतीत वाढलेला मुलगा ढोलावर नाचतो तेव्हा त्याच्या पायाला उतार ठाऊक नसतो.

तेव्हा नृत्याने निसर्गाशी नाते जोडावे, असे जे हल्ली फार बोलले जाते, त्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. नदीकाठी दिवे लावून, मागे निळा पडदा सोडून, ध्वनिक्षेपकावर पाण्याचा आवाज वाजवून केलेला महोत्सव मला करमणूक म्हणून मान्य आहे. संबंध म्हणून मान्य नाही. एका संध्याकाळने वहिवाट सिद्ध होत नाही. ती रोजच्या, कंटाळवाण्या, कोणी न पाहिलेल्या पावलांनी सिद्ध होते. आमच्या शास्त्रीय नर्तकी नृत्याच्या आरंभी आणि अखेरीस भूमीला नमस्कार करून, तिच्यावर पाय आपटल्याबद्दल क्षमा मागतात. ही रीत मला फार प्रिय आहे. परंतु ती क्षमा ज्या भूमीची मागावयाची ती बहुधा तिसऱ्या मजल्यावरची फरशी असते.

म्हणून, येथे बसलेल्या नृत्यशिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे की गंगेचा, यमुनेचा किंवा कावेरीचा अभिनय शिकविताना मुलींना, जवळ असेल त्या नदीवर, ती कितीही रोडावलेली आणि मळकी असली तरी, अनवाणी घेऊन जावे, घाटाच्या ओल्या पायरीवर अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून अर्ध्या बैठकीत, उभे करावे आणि भार कसा धरावा लागतो ते त्यांच्या गुडघ्यांना कळू द्यावे. एकदा नव्हे, दर पंधरवड्यास. आणि येथे बसलेल्या नागरिकांना दुसरी विनंती. नदीसुधाराच्या नावाखाली गावोगाव काठ बांधून काढण्याचे काम जोरात चालू आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचा आराखडा त्यासाठी झाला आहे. फिरण्याचे रस्ते, कठडे, बाके, झाडांच्या कुंड्या, हे सारे नकाशात दिसते. आपल्या गावचा असा नकाशा हाती आला तर त्यात पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या किती आणि नेमक्या कोठे आहेत, एवढा एकच प्रश्न नगरपालिकेला लेखी विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत त्याचा पाठपुरावा सोडू नये.